सोमवारचा निकाल
सिडकोतल्या घरात द्वारकाबाई एकट्याच राहायच्या. त्यांचा मुलगा सुदर्शन अमेरिकेत हेल्मेट घालून फुटबॉल खेळणाऱ्या एका संघाला व्हिडिओ पाहून चुका दाखवून द्यायचा. यंदा संघ हरतच गेला. “असंच चाललं तर नोकरी जाईल, परत यावं लागेल,” तो दिवाळीत म्हणाला होता. तेव्हापासून दर सोमवारी त्या मोबाइलवर निकाल बघत आणि हार दिसली की मनातून सुखावत. संघ शेवटचा सामनाही हरला. त्याच संध्याकाळी सुदर्शनचा फोन आला. “आई, सगळ्यांनाच काढलं.” तो रडत होता. बाप गेल्यावरही न रडलेलं पोर. ‘ये घरी’ त्यांच्या ओठांवर आलं. “लई संघ असतील तिकडं,” त्या म्हणाल्या. “दुसरा बघ. इतक्यात नको येऊस.” “पण तू एकटी...” “मला काय धाड भरलीय?” म्हणत त्यांनी घाईनं फोन ठेवला.