खड्यांची पिशवी

"आजोबा, उरलेलं सोनं कुठं लपवलंय हो?"

लुएलानं विचारलंच! कुंपणामागं मैत्रिणी तोंड दाबून खिदळल्या. 'तुझी छातीच होणार नाही' म्हणून टिलीनं पैज लावली होती ना!

अमोस थॅकर अंगणात बायकोच्या कबरीशेजारी बसून लुएलाच्या आईला विकलेल्या कोंबडीची पिसं उपटत होता. त्याचे हात थांबले. तरुणपणी पुलाचा खांब रोवताना याच सुताराला पिवळा खडा सापडला होता आणि निम्मा देश सिएराच्या या डोंगरात धावत आला होता. पुढं तर 'याला जमिनीतलं दिसतं' म्हणत लोक त्याच्याच मागं लागले. त्यानं खांब रोवला, की रातोरात तिथं खड्डा. मग त्याला काम कोण देणार? त्याच्या घराचाही पाया लोकांनी उकरला. घर बसलं. त्या हिवाळ्यात बायको उघड्यावरच गेली.

"लपवलं असतं तर बरं झालं असतं, पोरी," तो म्हणाला. "मुकादमानं विचारलं, हातात काय आहे? मी खरं सांगून बसलो. खिळा आहे म्हणायला काय जात होतं माझं?"

कुंपणामागचं खिदळणं बंद झालं.

कोंबडी तो नेहमी आतून साफ करूनच द्यायचा. भारी काटेकोर म्हातारा, असं आई म्हणायची. पण आज पिसं उपटून झाली तरी तो सुरीला हात लावेना.

"असू दे आजोबा, राहिलेलं आम्ही घरी करू," म्हणत तिनं कोंबडी उचलली आणि धूम ठोकली.

"थांब! ए पोरी, थांब!"

थांबतेय कसली! तिला त्याच्याकडं बघायचीही लाज वाटत होती.

घरी आई पीठ मळत होती. "आणलीस ना तशीच? मग कर आता तूच साफ."

लुएलाला त्या कामाची भयंकर किळस. नाक मुरडत तिनं सुरी घेतली.

"खड्यांची पिशवी नीट चाचप गं!" बाबा दारातून ओरडले. गावात सगळेच चाचपायचे. कोंबड्या खडे गिळतात, ते पोटातल्या या पिशवीत साठतात, आणि इथल्या खड्यांत काय निघेल याचा नेम नसतो.

तिनं पिशवी चिरली. बोटांत पिवळंधमक काहीतरी चमकलं. एक नाही, चांगले चार-पाच दाणे.

थॅकरच्या कोंबड्या त्याच्या अंगणाबाहेर कधी जात नसत. आणि अंगणात होतं काय? एक खोपट आणि एक कबर.

'थांब! ए पोरी, थांब!'

तिनं मूठ मिटली.

"हातात काय आहे गं?" बाबा आत आले. फावडं दाराआडच उभं होतं.

लुएलानं चुलीतल्या निखाऱ्यांवर मूठ झटकली.

"खडे," ती म्हणाली. "आणि आई, बाबा, ऐका. आजपासून थॅकरआजोबांची कोंबडी मीच आणणार, आणि मीच साफ करणार."