सुगरायचं पहिलं वाक्य

"आई घरी आहे," वैजयंताबाई सावकाश म्हणाल्या. मेळघाटातल्या त्या शाळेत मुलं कोरकू बोलत. मराठी वाक्य ऐकून त्याचं चित्र उचलायचं, असा बाईंचा खेळ होता. सगळ्यांनी चुलीपुढच्या आईचं चित्र उचललं. बऱ्याच दिवसांनी शाळेत आलेल्या सुगरायनं मात्र रिकाम्या घराचं उचललं.

"नीट ऐक गं. आई घरी आहे."

"आई घरी नाही," ती म्हणाली.

तिचं पहिलंच मराठी वाक्य! बाईंनी हरखून टाळ्या वाजवल्या. "मग कुठं गेली आई? दाखव बरं."

सुगरायनं सगळी चित्रं चाळून पाहिली. त्यांत तसं चित्र नव्हतं. मग ती फरशीवर आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले. बाईंनी हाका मारल्या, तरी तिनं ते उघडले नाहीत.