घासलेली टाकी

"तुमीच वाट लावली, साहेब!"

शहादेव फिटर तेजाबाच्या रिकाम्या टाकीतून अर्धा बाहेर आला आणि हातातलं ठिगळ त्यानं वर माचावर उभ्या साहेबांच्या बुटापुढं टाकलं. काल तो गेवराईला गेला असताना साहेबांनी दुसऱ्याकडून ते चिकटवून घेतलं होतं. आज नखानं निघालं. टाकीच्या आतल्या अस्तरावर गोंदाचा कणसुद्धा राहिला नव्हता.

"गोंद तर भारीतला आहे," साहेब म्हणाले.

"गोंदाला काय करता? अस्तर टेफ्लॉनचं हाय. तुमच्या घरच्या तव्याला धिरडं चिकटत न्हाई, तोच माल ह्यो. औषध लावून त्याचं तोंड जाळावं लागतं. तपकिरी पडलं की मग गोंद धरतो. दोन दिस राबून तेवढंच केलतं मी. घासून काढलं कावून?"

साहेब झाडूवाल्या दगडाबाईकडं वळले. "इतकं घासायला कुणी सांगितलं होतं गं?"

दगडाबाईनं दोन्ही हात पुढं केले. बोटांची सालटी निघाली होती.

"तुमीच की! म्हणलात, हे तपकिरी लई घाण दिसतंय, उद्या चेअरमन येणार. बिलिचिंग पावडर तुमीच दिली, गावच्या टँकरमधी टाकायची. धुवायला आख्खा टँकर दिला. आमाला आठ दिसाला दोन घागरी येतात, साहेब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "औषध लाव पुन्हा."

"संपलं. पुण्याहून येतंय."

"मग राहू दे ठिगळ. चेअरमन येतील तेवढ्यापुरती टाकी भरू, फोटो झाले की रिकामी करू."

"अस्तर फाटलंय तिथं पत्रा कागदावानी झालाय," शहादेव टाकीतून पुरता बाहेर येत म्हणाला. "तेजाब फोटुसाठी थांबत न्हाई. बराबर खाली, व्हॉलपाशी, हिचा नवरा बद्रीनाथ उभा ऱ्हातो."

साहेब कठड्यावरून वाकले. "बद्रीनाथ, व्हॉल खोल रे, तेजाब चढू दे टाकीत!"

खाली बद्रीनाथनं वर बघितलं. मग व्हॉलच्या चाकाला हात घातला.

दगडाबाई शिडी उतरली. पदर खोचून नवऱ्याच्या आणि चाकाच्या मध्ये घुसली, चाक दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

"बाई, बाजूला हो! कामावर राहायचंय ना दोघांना?"

"ऱ्हायचंय. जित्तं ऱ्हायचंय." तिनं मान वर केली. "ह्यांच्या जागी तुमी येऊन उभं ऱ्हावा. मग मीच खोलते. येता का न्हाई? घड्याळात काय बघता, साहेब? बोला!"