शोभाबाईची पारख

“मुलीला नेमका त्रास काय आहे, काकू?” समुपदेशन करणाऱ्या बाईने विचारलं.

“डोकं चालत नाही हिचं,” शोभाबाई म्हणाली आणि शेजारच्या विशाखाला तिने कोपराने ढोसलं. विशाखाने लगेच मान खाली घातली.

विशाखा तिच्या बहिणीची मुलगी. दहावीला होती आणि तिचं डोकं मावशीपेक्षा बरं चालायचं. परत जाताना सुरती लोचो खायला घालीन, या बोलीवर ती बावळट चेहरा करून आली होती.

कारण शोभाबाईला विशाखाची चाचणी करायचीच नव्हती. टेबलापलीकडे बसलेल्या निशाची करायची होती. शोभाबाईच्या मुलासाठी, योगेंद्रसाठी सांगून आलेलं स्थळ होतं ते.

मुलगी बघायची शोभाबाईची तऱ्हाच न्यारी. कांदेपोह्यांच्या बशीमागे सगळ्याच पोरी गरीब दिसतात, असं तिचं म्हणणं. म्हणून ती न कळवता, खोटं नाव सांगून, मुलगी काम करते तिथेच जाऊन थडकायची. पलसाण्याची नर्स तिने पोटदुखीचं सोंग करून बघितली. ती फटकळ निघाली. उधन्याची बँकवाली सारखी घड्याळाकडे बघत होती म्हणून बाद. निरोप मात्र सगळ्यांना एकच जायचा, पत्रिका जमत नाही. योगेंद्रची पत्रिका कपाटातल्या लग्नाच्या शालूखालून कधी बाहेरसुद्धा आली नव्हती.

असं करता करता पोराच्या कानावरचे केस पिकले. परवा तो म्हणाला, “आई, ही शेवटची. हिच्यानंतर तुला मुलगी बघू देणार नाही.” शोभाबाईला घोर लागला. पोर बिनलग्नाचं राहिलं तर म्हातारपणी हाताखाली कोण? आज सकाळी तर त्याने माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली होती. इच्छापोरच्या कंपनीत कामाला होता. काम अडलं की चार दिवस तिकडेच राहायचा. तसंच काहीतरी असेल, असं म्हणून तिने लक्ष दिलं नाही.

आता निशाने विशाखाला चाचणीसाठी आतल्या खोलीत पाठवलं. “मुलांची चाचणी म्हणजे निम्मी घरच्यांचीच असते,” ती म्हणाली. “तुमच्याशीही बोलावं लागेल, धुरपदाकाकू. चालेल ना?”

“बोल की!” धुरपदाबाई हे नाव शोभाबाईने दारातच सांगून ठेवलं होतं.

बोलायचा धंदा! तिला मनातल्या मनात हसू फुटलं. भेस्तानला आमच्या गल्लीतल्या बाया नळावर फुकट करतात तेच. त्यासाठी ही कॉलेज शिकली, भिंतीवर पाटी लावली, वर एसी.

निशाने थर्मासमधला चहा ओतून पुढे ठेवला. शोभाबाईने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. बिनसाखरेचा! एवढी शिकली आणि साखर टाकायचं भान नाही. बरंच झालं म्हणा, डॉक्टरने साखर बंदच केली होती. पण ते हिला काय ठाऊक?

“विशाखा तुमच्याकडेच जास्त असते, म्हणालात. घरात शेवटचा शब्द कुणाचा?”

“माझा. आणखी कुणाचा?”

“आणि कुणी तो ऐकला नाही तर?”

“मी बोलणं टाकते. जेवण टाकते. दोन दिवसांत सगळे सरळ येतात.”

निशाने मान हलवली. तोंडातून चकार शब्द नाही. शोभाबाईला ते फार आवडलं.

“उद्या घरात सून आली तर? तिला जमेल असं राहायला?”

घ्या! आपणहून मुद्द्यावर आली की पोरगी. आणि हिला पत्ता नाही की सासूच समोर बसलीय. शोभाबाईला अगदी चेव आला.

“न जमायला काय झालं? माले सगळं समजस. शिकलेली सून कशी वळवायची ते मला विचार. आधी सगळ्याला हो म्हणायचं. नोकरी कर, माहेरी जा, काय वाट्टेल ते. एकदा लग्न लागलं की बघून घेता येतं. सासूचं दुखणं काढलं की नोकरी आपोआप सुटते.”

“आणि मुलाचं काय म्हणणं असेल यावर?”

“त्याला कसलं म्हणणं? माझ्या शब्दाबाहेर नाही तो.”

निशा खाली बघत राहिली. उलट उत्तर नाही, घड्याळाकडे नजर नाही. शोभाबाईने तिथेच ठरवून टाकलं. अशी गरीब गाय अख्ख्या सुरतेत सापडायची नाही.

विशाखाचा निकाल काय, हे विचारायचंही ती विसरली. रस्त्यात पोरीला लोचोची एकच प्लेट घेऊन दिली, तीही अर्धी स्वतः खाल्ली, आणि तिला तिच्या घरी सोडून रिक्षाने भेस्तान गाठलं.

योगेंद्र दारात बसून बूट घालत होता. बाजूला बॅग होती.

“पसंत आहे रे बाबा!” शोभाबाई उंबऱ्यातूनच ओरडली. “काय पोरगी आहे! तोंड म्हणून उघडत नाही, नुसती ऐकते. आजच होकार कळवून टाक.”

“तिचा फोन येऊन गेला,” योगेंद्र म्हणाला.

“माय वं! एवढी घाई? काय म्हणे?”

“पत्रिका जमत नाही म्हणे.”

शोभाबाईने एकदा कपाटाकडे बघितलं, एकदा पोराकडे.

“अशी कशी जमत नाही? तुझी पत्रिका तर मी पाठवलीच नाही!”

योगेंद्रने बॅग उचलली.

“माझी तिच्याशी जमली, आई. तुझी नाही जमली.”