काचेतली समई

कुपवाडचा मिलिंद टीव्हीच्या सुरुवातीच्या काळातले व्हॉल्व्ह आणि कॅमेऱ्याच्या काचेच्या नळ्या जमवतो. मुंबईच्या एका स्टुडिओतली नळी त्याला भंगारात मिळाली आणि जुन्या कॅमेऱ्यात बसवल्यावर ती चक्क चालूही झाली. हे कानावर आलं तशा जतहून बायडाबाई आल्या. त्यांचे मालक कीर्तनकार. त्याच स्टुडिओत त्यांचं कीर्तन झालं होतं, पण तेव्हा गावात टीव्ही नव्हता, आणि मालक गेले ते घरात एक फोटोही न ठेवता.

"एकच चित्र लय वेळ समोर राहिलं, तर नळीत त्याचा डाग कायमचा बसतो, मावशी," असं सांगत मिलिंदनं बटण दाबलं. कॅमेऱ्याला जोडलेल्या टीव्हीच्या पडद्यावर एक धुरकट समई उजळली. तिच्या शेजारी कुणीच नव्हतं.

"समई हाय. मग आमचं मालक कुटं गेलं?"

"नाचत असतील. जे थांबतं, तेच यात राहतं. हललेलं न्हाई राहत."

"व्हय बाबा. त्यांचं पाय कवा एका जागी ठरलंच न्हाईत. ह्या गावचं कीर्तन सरलं, की निघालं म्होरच्या गावाला." बाई हसल्या. मग पदर सारखा करून कॅमेऱ्यापुढच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

"आवं मावशी, हे काय करताय?"

"चालू ठेव रं लेकरा. मी न्हाई हलत. थांबायची सवय हाय मला."