उठायचं नाही

जगात विनाकारण काहीही बिघडत नाही. शांत डोक्याने शोधलं तर कारण सापडतंच, असं सोळा वर्षांच्या नोकरीनंतर देवदत्तचं ठाम मत झालं होतं. ते मत मनातल्या मनात पुन्हा एकदा उच्चारून त्याने उभ्याउभ्याच दुसऱ्या मॉनिटरच्या पाठीत धपाटा घातला.

मॉनिटर काळाच राहिला. चार-पाच सेकंदांनी, स्वतःच्या मर्जीने, उजळला. तोवर पडद्यावरच्या कॅलेंडरमध्ये हिरवी झालेली सोळा डिसेंबर पुन्हा करडी होऊन बसली होती.

"गेली," देवदत्त म्हणाला आणि खाली बसला.

"परत?" स्वयंपाकघरातून नेत्राचा आवाज आला. "तिसरी ना ही?"

"चौथी."

अमेरिकेत, नोव्हाय गावातल्या एका मोटार कंपनीत तो गाड्यांच्या वायरिंगमधले लपूनछपून येणारे बिघाड शोधायचा. घरातला हा बिघाड मात्र तीन आठवडे त्यालाच खेळवत होता. त्याने केबल बदलली, ड्रायव्हर नवा टाकला, प्लग दुसऱ्या भिंतीत लावला. शेवटी रीतसर एक शीट बनवली: वेळ, खोलीचं तापमान, त्या क्षणी काय काय उघडं होतं. तळाशी लिहिलं होतं, 'सूत्र सापडत नाही.' पहिल्या मॉनिटरला त्याने हात लावला नव्हता. तो ऑफिसने दिलेला, आणि त्यावर ऑफिसच असायचं.

दुसऱ्यावर व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुंबईतली अपॉइंटमेंट शोधणं चालायचं. शिक्क्याशिवाय भारतात जाता येत होतं, परत येता येत नव्हतं. अठ्ठावीस डिसेंबरला नागपूरला अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हॉल ठरला होता, केटरर ठरला होता. थोरला मुलगा तेवढा ठरायचा होता. मध्येच कोणी आपली तारीख सोडली की ती हिरवी व्हायची आणि त्याच्यासारखेच टपून बसलेले दुसरे कोणी ती काही सेकंदांत उचलायचे.

शाळेला सुट्टी म्हणून केया गालिच्यावर पालथी पडून चित्र रंगवत होती. तिने मान वर केली नाही.

"बाबा, इट ओन्ली हॅपन्स व्हेन यू गेट अप."

"काय?"

"तू 'आली!' म्हणून ओरडतोस, अँड यू जंप. देन इट डाइज."

देवदत्तने नऊ वर्षांच्या मुलीकडे आणि मग शीटकडे पाहिलं. तो उठला. मॉनिटर काळा झाला. तो बसला, उजळेपर्यंत थांबला आणि पुन्हा उठला. काळा. अकराव्या वेळी त्याला शंका उरली नाही. हीटरने कोरडी केलेली हवा, आणि ही खुर्ची, भारतात परत गेलेल्या श्रीरामच्या मूव्हिंग सेलमधून आणलेली. उठताना तिच्यातून बारीकशी ठिणगी उडत असणार आणि केबल ती झेलत असणार. म्हणजे तारीख आली की त्याला आनंद व्हायचा, आनंद झाला की तो उठायचा, आणि उठला की तारीख जायची. शीटमध्ये त्याने आनंदाचा रकाना केला नव्हता.

"मग खुर्ची बदल ना," नेत्रा म्हणाली. "डायनिंग टेबलची घे."

"बदलायला उठावं लागेल. नेमकी तेव्हाच आली तर?"

नेत्राने चहाचं आधण ठेवलं. "बस मग," ती म्हणाली.

तो बसला. चहा तिथेच आला. पोळीचा रोल तिथेच आला. दारावरची बेल वाजली, तिला त्याने वाजू दिलं. डाव्या पायाला आधी मुंग्या आल्या, मग पाय आहे की नाही तेच कळेना. साडेदहाला अण्णांचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा केयाने फोन त्याच्यासमोर धरला.

"उभा राह्य बरं जरा," अण्णा म्हणाले. "पाहू दे, वाळला का तू?"

"अण्णा, आत्ता उठता येत नाही."

"काऊन? पायाला काय झालं?"

"पायाला काही नाही. उठलं की मॉनिटर जातो."

अण्णांनी मान वळवून घरातल्या कोणाला तरी सांगितलं, "उठलं की टीव्ही बंद होते म्हणते." मग पुन्हा पडद्यात डोकावले. "ते जाऊ दे. येतो ना तू? पत्रिकेत नाव टाकलं आहे."

त्याच क्षणी सतरा डिसेंबर हिरवी झाली.

देवदत्त ओरडला नाही. त्याने डाव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरला, पाठ टेकवली, श्वाससुद्धा बेताने घेतला. मॉनिटर लख्ख उजळलेला. माउस सावकाश तारखेच्या दिशेने निघाला.

पहिल्या मॉनिटरवर टुंग वाजलं. मॅनेजर नकुल. 'यार, दोन मिनिटं आहेत?'

देवदत्तची नजर तिकडे गेली. मागोमाग दोन्ही हात कीबोर्डवर आले. 'येस, टेल मी.'

तीन ठिपके बराच वेळ नाचले.

'सोमवारच्या रिव्ह्यूला डोनट्स तू आणतोयस ना?'

'शुअर,' त्याने लिहिलं, आणि वर एक अंगठा पाठवला. मग मान वळवली. सतरा तारीख करडी होती.

"अजून बसूनच आहे का तो?" फोनमधून अण्णांनी केयाला विचारलं.

देवदत्त बसूनच होता. दुसरा मॉनिटर या वेळी एकदाही काळा झाला नव्हता.