बावीस बरण्या पुसदला

"मीठ कमी हाय," रहमत म्हणाला.

मलिकानं कपाळावर हात मारला. संत्र्याच्या सालीचं लोणचं ती तिसऱ्यांदा करत होती. पहिल्या खेपेला कडू निघालं, दुसऱ्या खेपेला गूळ कमी पडला आणि आता मीठ.

"किती कमी?"

रहमतनं डोळे मिटले आणि जीभ टाळूला लावून टकटक केलं. "अर्धी मूठ तरी."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण या माणसानं एक घास कधी नाव न ठेवता गिळला नव्हता. दालचा केला की चिंच जास्त, शीरखुर्मा केला की खजूर कमी. दिवसभर गॅरेजात ट्रॅक्टरखाली लोळायचं आणि घरी आलं की नवाब. मलिकाचं डोकं फिरायचं. एकदा तर तिनं त्याच्या पुढ्यातलं ताट उचलून शेजारच्या रुपीबाईला नेऊन दिलं होतं.

पण गेल्या पावसाळ्यापासून त्याची हीच खोड तिच्या कामी आली होती.

त्या पावसाळ्यात दोघंही तापानं फणफणले. बारा दिवस खाटेला खाट लावून पडले होते. बरं वाटल्यावर मलिकानं पहिला चहा केला तर तो तिला लागेचना. घशाखाली नुसतं गरम पाणी गेलं. साखर नाही, आलं नाही, वास नाही. आज येईल, उद्या येईल म्हणता म्हणता थंडी आली, तोंडाला चव काही आली नाही.

तिनं कुणाला सांगितलं नाही. दारव्ह्यात कुणाकडे शादी निघाली की मसाला मलिकाच्या हातचा, हे ठरलेलं. तिलाच चव कळत नाही हे रुपीबाईच्या कानावर गेलं असतं, तर आठवडी बाजारात पोचायला दुपार लागली नसती. रोजचा स्वयंपाक हाताच्या सवयीवर निभत होता. पंचाईत होती ती नव्या पदार्थाची.

आणि नवा पदार्थ फरहासाठी करायचा होता. फरहा तिची एकुलती मुलगी, वर्षापूर्वी पुसदला दिलेली. सासरचं किराणा दुकान. सासू मोठी कडक, सुनेच्या माहेरचं काही म्हणून पसंत नाही. तिथं फरहानं हिंमत करून म्हटलं, माझ्या अम्मीचं लोणचं दुकानात ठेवून पाहा. सासू म्हणाली, आंब्याचं सगळेच करतात, काही नवं पाठवा, चार माणसं बोलावून चाखू.

"अम्मी, या घरात मी पहिल्यांदा तोंड उघडलं," फरहा फोनवर म्हणाली होती. "मले तोंडघशी नको पाडू."

मलिकानं मोबाइलवर पाहून सालीचं लोणचं निवडलं. साली दोन रात्री मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, तीनदा उकळून पाणी फेकायचं, आतला पांढरा भाग खरवडायचा. एवढं करूनही कडवटपणा गेला की नाही, ते जिभेलाच विचारावं लागतं. जीभ होती रहमतची.

चौथ्या खेपेला ती अंगणात बसून बरण्यांच्या टोप्या शिवत होती. फरहाच्या जुन्या ओढणीचे गोल तुकडे आणि कडेला लाल गोंडे. भिंतीपलीकडून रुपीबाई ओरडली, "भाभी, काय जळून राह्यलं वं तुह्या घरात?"

मलिका धावली. गुळाचा पाक काळा पडत चालला होता. शेगडीपासून दोन हातांवर रहमत मोबाइल घेऊन बसला होता.

"इथं बसून काय करून राह्यले तुम्ही?"

"मॅच चालू होती," तो म्हणाला.

तिनं नवा पाक केला. आधीच्या सगळ्या सूचना मोजून पाळल्या. मिरची त्याच्या सांगण्याप्रमाणे, मीठ त्याच्या सांगण्याप्रमाणे. मग बोटभर फोड त्याच्यापुढे धरली.

रहमतनं ती सावकाश चघळली. मलिकाच्या थकलेल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"आता बराबर," तो म्हणाला.

"नक्की?"

"कसम से. असं लोणचं आपल्या घरात कधी झालं नाही."

अठ्ठावीस वर्षांतली पहिली तारीफ. मलिका आत गेली आणि पदराला डोळे पुसून आली. संध्याकाळपर्यंत बावीस बरण्या भरून झाल्या.

रविवारी सकाळी त्या पुसदच्या जीपमध्ये चढल्या. दुपारी फरहाचा फोन आला.

"अम्मी, काय सुरेख टोप्या शिवल्या तू. सासूबाईंच्या माहेरचे बी आले. सगळे दस्तरखानावर बसले, सासूबाई स्वतः वाढून राह्यल्या. थांब, मी मंग लावते फोन."

मलिकाचा जीव भांड्यात पडला. तिनं दोन कप चहा केला आणि रहमतजवळ येऊन बसली. आता लपवून करायचं काय, असं तिला वाटलं.

"एक सांगू? रागवू नका."

"सांग."

"त्या तापापासून माह्या तोंडाले चव नाही. मीठ नाही, गोड नाही, कडू नाही. हे लोणचं मी एकदाबी चाखलं नाही. सगळं तुमच्या जिभेवर केलं."

रहमतनं कप खाली ठेवला.

"मी अर्धी मूठ म्हटलं, ते तू टाकलं?"

"मोजून टाकलं."

"मिरचीबी?"

"तुम्ही म्हटली तेवढीच."

"फरहाले फोन लाव," रहमत म्हणाला.

"काहून?"

"लाव पहिले."

मलिकानं फोन लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली. कुणी उचलला नाही. तिनं पुन्हा लावला. रहमत उभा राहिला होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी आपला सवयीनं नावं ठेवत होतो, मलिका. मले वाटलं, चाखायले तू हायेस," तो म्हणाला. "त्याच तापात माही बी चव गेली."